मी तिला तळ्यात सोडणार होते

कासवाला जखम होते आणि ती दुखते, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी चौतीस वर्षं मी महापालिकेच्या एका रुग्णालयात नर्स होते, आणि त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात गेली. जखम हा माझा रोजचा विषय. बेडसोअरच्या कडेखाली पू किती आत शिरला असेल हे मी वासावरून सांगत असे आणि ते सहसा चुकत नसे. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. ज्या बाईला एवढं येत होतं तिनं एका मुक्या जिवाच्या बाबतीत काय केलं ते पुढे यायचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

२०२२च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतलं तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब बदली होऊन बंगळुरूला गेलं. सामानाचा ट्रक निघून गेल्यावर जिन्याखाली एक निळा टब राहिला. वॉचमननं आमची बेल वाजवली. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे असलं सगळं आधी आमच्याकडेच येतं. "ताई, हे राहिलं की ठेवलं, काही कळत नाही." टबात चार बोटं पाणी, गुलाबी प्लॅस्टिकचं एक नारळाचं झाड आणि बशीपेक्षा मोठं एक कासव. डोळ्यांच्या मागे दोन्हीकडे लाल पट्टा. मी त्या घरच्या बाईंना फोन लावला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मुलासाठी सहा वर्षांपूर्वी आणलं होतं हो, नाण्याएवढं. एवढं वाढेल असं दुकानदारानं सांगितलंच नाही. कुणाला हवं असेल तर द्या, नाहीतर तळ्यात सोडा."

त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. आता येत नाही, कारण पुढचे अकरा महिने मीसुद्धा तेच म्हणत होते.

ठाण्यात राहणाऱ्याला तळं शोधत फिरावं लागत नाही. मासुंदा आहे, कचराळी आहे, उपवन आहे, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरही एक आहे. आणि सोडणं हा शब्द माझ्या मनात एका फार सुंदर आठवणीशी जोडलेला होता. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्ही वॉर्डातल्या सहा जणी वेळासला गेलो होतो. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायला सुरुवात केली. पूर्वी जिथली अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री उकरून नेत, तिथंच आता गावकरी घरटी राखतात आणि पाहुण्यांना जेवू घालतात. सकाळी टोपली उचलली गेली, ओल्या वाळूवर पिल्लं ठेवली गेली आणि ती वेडीवाकडी धावत लाटेकडे निघाली. शेवटचं पिल्लू लाटेनं उचललं तेव्हा मी रडले. कासवाला पाण्यात सोडण्याइतकं निर्मळ काम दुसरं नाही असं माझ्या मनानं तेव्हाच घेतलं असावं.

त्यात आमच्या सासूबाई. मूळच्या गुहागरच्या, तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या. त्यांनी काठी टेकत येऊन टबात पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, कूर्म तो! शंकराच्या देवळात नंदीच्या पुढ्यात असतो. त्याला टबात कसला ठेवत्येस? तळ्यात नेऊन सोड, सुटेल बिचारा." त्या घरच्या मुलानं त्याचं नाव ढब्बू ठेवलं होतं असं वॉचमन म्हणाला. पुढच्या पायांची नखं आखूड, म्हणजे ती मादी, हे आम्हांला बऱ्याच उशिरा कळलं. पण नाव तेच राहिलं.

पहिल्याच रविवारी तिला सोडलं असतं, पण टबातून उचलून उलटं धरलं आणि नाकाशी वास आला. तो वास मी ओळखत होते. पोटाकडच्या कवचावर, उजव्या मागच्या पायाच्या जरा पुढे, पावलीएवढा खड्डा होता आणि त्यात पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी भरलेलं. शेजारी आणखी दोन लहान. पाठीच्या कडा अंगठ्यानं दाबल्या तर दबत होत्या, जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणासारख्या. पाठीवर शेवाळ, त्याखाली खवल्यांचे अर्धवट सुटलेले पापुद्रे. पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटलेले. अशा अवस्थेत सोडायचं नाही एवढं मला कळलं. पंधरा दिवसांत बरं करू, मग सोडू, असं ठरवलं.

त्या पंधरा दिवसांत मी जे केलं ते मला अजून नीट झोपू देत नाही.

माझी समजूत अशी होती की कवच म्हणजे नख. मेलेला भाग. आत कासव राहतं आणि वर ढाल असते. ढालीला कीड लागली तर ती खरवडून काढायची. मी जुना टूथब्रश घेतला आणि रोज सकाळी तिची पाठ घासली. पापुद्रे नखानं उचकटून काढले. पाण्यातल्या या कासवांचे खवले वाढताना वरचा पातळ थर आपोआप सुटून पडतो, आणि तो वेळेआधी ओढला तर खालचा कोवळा थर उघडा पडतो, हे मला माहीत नव्हतं. खड्ड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, फेस आला की बरं वाटायचं. वर हळद आणि खोबरेल तेल. तेलानं घाण धरून ठेवली आणि खाली जे सडत होतं त्याला हवेपासून झाकलं.

पेरॉक्साइडचं मला माहीत असायला हवं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा बेडसोअरवर युसॉलचं जंतुनाशक द्रावण आणि पेरॉक्साइड सर्रास ओतलं जायचं, दिव्याचा शेक द्यायचो. पुढे शिकलो की त्यानं भरत आलेली कोवळी लाल पेशी जळते. माझ्या ज्युनियर मुलींना मीच हे शंभर वेळा सांगितलं होतं. पण हे सगळं माणसांसाठी, असं मनात कुठंतरी धरलेलं असणार.

सगळ्यात वाईट पुढे आहे. ब्रश त्या खड्ड्याच्या कडेला लागला की ती चारही पाय आत ओढायची आणि तोंडातून हवा सोडल्याचा बारीक आवाज यायचा. मी म्हणायचे, घाबरट आहे. ज्या पेशंटला बोलता येत नाही त्याच्या कपाळाकडे बघ, मुठीकडे बघ, हे मी आयुष्यभर शिकवलं. आणि इथं रोज सकाळी एक जीव हाताखाली अंग चोरत होता, तरी त्याला दुखतंय असं मला वाटलं नाही. कण्हणं नव्हतं, चेहरा नव्हता, म्हणून मी ते मोजलंच नाही.

पंधरा दिवसांनी खड्डा मोठा झाला आणि तिनं खाणं सोडलं. जिथं असली कासवं विकतात त्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं "किडे असतील" म्हणून एक औषध दिलं. बाटलीवर कुत्र्याचं चित्र होतं, म्हणून मी ते दिलं नाही. तेवढं एक माझ्या हातून बरोबर झालं. नंतर डॉक्टरांनी बाटली वाचली: आयव्हरमेक्टिन. कुत्र्या-गुरांना, माणसांनाही चालतं. कासव त्यानं लुळं पडून मरू शकतं.

पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणारे हे डॉक्टर मला मुंबईत मिळाले. दुपारी गर्दी नसताना, ओल्या टॉवेलवर, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात तिला लोकलनं नेलं. त्यांनी तिला हातात घेतलं, उलट करून बघितलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे घासलं कुणी?" मी म्हटलं, "मी." ते काही बोलले नाहीत. एक्स-रे काढला आणि मला आत बोलावलं.

एक्स-रे मी हजारो पाहिले आहेत. हा पाहिला आणि काही क्षण मला दिशाच कळेना. पाठीचा कणा होता, पण तो कवचाच्या आतून सुटा जात नव्हता, कवचातच बसलेला होता. फासळ्या पसरून, रुंद होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांचंच छप्पर झालं होतं. खांद्याची हाडं फासळ्यांच्या आत! आपल्या खांद्याची पाती फासळ्यांच्या बाहेर, पाठीवर असतात, पाठीचा कणा असलेल्या इतर प्राण्यांचंही तसंच. कासवाचं उलटं. साठेक हाडं मिळून हे कवच बनतं, त्यावर जिवंत त्वचेचा पातळ थर आणि त्यावर खवले. नखासारखे आहेत ते फक्त खवले. "सिस्टर, ही ढाल नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तिच्या बरगड्या घासत होतात."

चीनमध्ये सापडलेल्या एका जीवाश्माबद्दल मी नंतर वाचलं. सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीचं कासव, २००८ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याला पोटाकडचं कवच पूर्ण होतं आणि पाठीवर नुसत्या रुंद झालेल्या फासळ्या. म्हणजे कासव कुठल्या तयार घरात शिरलेलं नाही, त्याचं स्वतःचं हाड हळूहळू घर झालं. संकट आलं की कासव आपल्या घरात जातं, असं मी भाचरांना कितीदा सांगितलं असेन. ते जातं स्वतःच्याच अंगात.

ढब्बूच्या हाडांची सावली त्या फोटोत फिकी होती. कडेची हाडं जवळजवळ दिसत नव्हती. पोटाच्या खड्ड्याखाली हाडाला भोक पडत आलेलं. याला लोक शेल रॉट म्हणतात, कवच सडणं. घाणेरड्या पाण्यातले जिवाणू एखाद्या ओरखड्यातून आत शिरतात, खवल्याखाली पसरतात, हाड पोखरतात, आणि वेळेत आवरलं नाही तर रक्तात जातात. पण डॉक्टरांचा मुद्दा निराळा होता. ते म्हणाले, जिवाणू प्रत्येक टबात असतात, ते इथं जिंकले का ते बघा. आणि त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. टबात चढून पूर्ण कोरडं बसायला जागा होती का? ऊन कुठून यायचं? खायला काय?

मी त्या बाईंना पुन्हा फोन केला. टब न्हाणीघरात असायचा. खायला सुकी कोळंबी, कधी पाव, कधी भात. आणि मी स्वतः? मी टब बाल्कनीसारख्या बंद केलेल्या पडवीत, काचेच्या खिडकीमागे ठेवला होता, ऊन मिळावं म्हणून. काचेतून उजेड येतो, उष्णता येते. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण मात्र काच अडवते. ड नाही म्हणून आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडातून काढून घेतं. कासवाचं सगळ्यात मोठं हाड त्याच्या पाठीवर. ते मऊ पडतं. सुक्या कोळंबीत आणि पावात अ जीवनसत्त्वही जवळपास नाही, म्हणून पापण्या सुजलेल्या. तिच्या पाठीवर सहा वर्षांचा जमाखर्च लिहिलेला होता आणि मी तो टूथब्रशनं पुसायला निघाले होते.

उपचार अकरा महिने चालले. पहिल्या दिवशी भूल देऊन डॉक्टरांनी सगळं मेलेलं हाड आणि चुरा काढला. मी शेजारी उभी होते, त्यांना हवं ते हातात देत. जखम लाल, स्वच्छ दिसेपर्यंत ते थांबले नाहीत. मग रोजचं माझ्यावर. पॉविडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून धुणं, कोरडं करणं, वर सिल्व्हर सल्फाडायझीन. जळिताच्या वॉर्डातलं ते पांढरं मलम हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा धीर आला. प्रतिजैविकाचं इंजेक्शन दर बहात्तर तासांनी. हेच औषध मी माणसांना आठ-आठ तासांनी दिलेलं. थंड रक्ताच्या प्राण्याच्या शरीरात सगळं सावकाश चालतं, औषध बाहेर पडणंही. आणि टोचायचं नेहमी पुढच्या पायात, कारण मागच्या पायांकडचं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. चौतीस वर्षांनंतर मी पुन्हा पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी झाले होते, आणि हे मला आवडत होतं हेही कबूल करते.

एका गोष्टीवरून मात्र मी डॉक्टरांशी भांडले. ते म्हणाले, तिला दिवसभर पाण्याबाहेर ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास पाणी, तेवढ्यात पिणं, खाणं, शी. बाकी वेळ कोरडं. पाण्यातल्या जिवाला कोरडं ठेवायचं? मला ते क्रूर वाटलं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा लबाडी केली, रात्री तिला पाण्यात सोडलं. सकाळी मलम धुऊन गेलेलं आणि कड पुन्हा पांढरी. तिसऱ्यांदा केली नाही.

उन्हासाठी तिला मागच्या अंगणात आणलं. तळमजल्याच्या घराचा हा एक फायदा. सकाळी साडेसात ते साडेनऊ उघडं ऊन, टबाचा अर्धा भाग फळीनं झाकलेला, म्हणजे तापलं तर तिला सावलीत जाता यावं. कासवाला घाम येत नाही, उथळ पाण्याचा टब भर उन्हात ठेवला तर ते भाजून मरतं. सासूबाईंनाही डॉक्टरांनी, त्यांच्या डॉक्टरांनी, सकाळचं ऊन सांगितलं होतं. हाडं ठिसूळ झालेली, कॅल्शियमच्या गोळ्या चालू. मग दोघी शेजारी शेजारी बसायच्या. सासूबाई शेवग्याचा पाला खुडून देत. त्यात कॅल्शियम भरपूर. पालक मी बंद केला, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. लाल भोपळा, गाजर, जास्वंदीची पानं, आणि कासवांसाठी बनवलेलं चांगलं कोरडं खाद्य. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणला, तोच जो लोक पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात. पाण्यात टाकला की ती कडेनं कुरतडायची. चौथ्या महिन्यात डोळे पूर्ण उघडले. सहाव्यात पाठीची कड दाबली तर दबेना. त्या दिवशी मी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी स्वतः वाकून अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि मी त्यांना साबणानं हात धुवायला लावले. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकण्यावर बंदी आणावी लागली. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला तो धोका लहान मुलाइतकाच.

संतवाङ्मयात कासवीची एक प्रतिमा वारंवार येते: ती पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते. सासूबाई ती सांगायच्या. तसं प्रत्यक्षात होत नाही हे मला माहीत होतं. तरी त्या सकाळी जेव्हा त्या तासभर तिच्याकडे बघत बसत, तेव्हा मी मध्ये बोलत नसे.

एप्रिल २०२३मध्ये जखम भरली. सासूबाईंनी दिवसही काढला, अक्षय्य तृतीया. मी पेढे घेऊन डॉक्टरांकडे शेवटचं दाखवायला गेले. म्हटलं, "आता तळ्यात सोडते." ते पोटाचं कवच बघत होते, तसेच बघत म्हणाले, "कुठल्या?" मी नाव सांगितलं. "त्या तळ्यात आधी कोण राहतं ते बघितलंत का? एकदा दहाच्या उन्हात जाऊन बसा. मग ठरवा."

मला राग आला. अकरा महिने मी हे केलं, आणि आता शेवटच्या पायरीवर यांचं काय मध्येच? तरी गेले. भाच्याची दुर्बीण घेऊन, तीन सकाळी. ज्या तळ्याभोवती मी वीस वर्षं फिरायला जाते, त्याच्या पायरीच्या दगडावर पाच कासवं ऊन खात होती. इतकी वर्षं ती पाहून मला आनंद व्हायचा, आपल्या तळ्यात अजून कासवं आहेत. दुर्बिणीतून पाहिलं तर पाचांपैकी चारांच्या डोळ्यांमागे लाल पट्टा. चार ढब्बू. तिसऱ्या सकाळी दगडापासून दूर, गढूळ पाण्यातून एक लांबट डुकरासारखं नाकाड वर आलं, श्वास घेतला आणि खाली गेलं. ते इथलं. पाठीवर खवले नसलेलं, कातडीनं मढवलेल्या कवचाचं, मागचे पाय झाकायला पोटाला झडपा असलेलं आपलं कासव. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. दगडावर ते एकदाही आलं नाही. तीन सकाळींवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण मग मी वाचायला बसले.

लाल पट्ट्याची ही कासवं मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. तिथं त्यांची शेती झाली, जगभर लाखोंनी गेली, नाण्याएवढी विकली गेली, ताटाएवढी झाली आणि मग दयाळू माणसांनी ती तळ्यांत सोडली. जगातल्या सगळ्यात घातक शंभर आक्रमक परक्या जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ साली त्यांची आयात बंद केली. फ्रान्समध्ये त्यांना तिथल्या मूळच्या तळेकासवांबरोबर एकत्र ठेवून पाहिलं तेव्हा ऊन खाण्याच्या चांगल्या जागा या पाहुण्यांनी घेतल्या. ऊन! ज्या उन्हाअभावी ढब्बूची पाठ मऊ पडली, तेच ऊन तिच्यामुळे दुसऱ्या कासवाला मिळेनासं होणार होतं. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही ही सापडली आहेत, आणि ईशान्य भारत तर आपल्या देशातल्या गोड्या पाण्यातल्या कासवांचं माहेर. मंदिराच्या तळ्यात ती कुणी सोडली असतील? सासूबाईंसारख्या, माझ्यासारख्याच कुणीतरी, हात जोडून.

वेळासला मी जे पाहिलं ते परत जाणं होतं. ती पिल्लं त्याच समुद्राची होती. मी फक्त टोपली उचललेली पाहिली आणि बाकीचं विसरले.

इथं मला एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हे मनोगत अर्धं राहील. वाचून झाल्यावरही मी दोन दिवस स्वतःशी वाद घालत होते. एका कासवानं काय होणार? आधीच चार आहेत. आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर तळं टबापेक्षा कितीतरी चांगलं, ते आजही मी नाकारत नाही. पण त्या वादात माझा आवाज जरा जास्तच चढतोय हे मला जाणवलं. मी दमले होते. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलणं, तो वास, गावाला जाता न येणं, गुडघे. मला सुटायचं होतं. सोडायचं होतं ते मला स्वतःला, आणि त्याला मी पुण्याचं नाव दिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या त्या बाईंनी निदान असं नाव दिलं नव्हतं. त्या नुसत्या म्हणाल्या होत्या, नाहीतर तळ्यात सोडा.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. अमेरिका, दगडावरची चार, नाकाड वर काढणारं एक. त्यांनी नीट ऐकून घेतलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे तिला घर असं कुठंच नाही?"

मी म्हटलं, आहे, पण फार लांब आहे आणि तिथं आपण तिला पोचवू शकत नाही. आणि इतकी वर्षं इथल्या पाण्यात, इथल्या रोगांत काढलेलं कासव तिथंही कुणी सोडू देणार नाही. त्यावर त्यांनी काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरण केलं नाही एवढं मला आठवतं.

जून महिन्यात पाचशे लिटरची काळी पाण्याची टाकी वरून कापून घेतली. मोठ्या कासवाला लांबीच्या दर इंचामागे चाळीस लिटरच्या आसपास पाणी हवं असं मानतात, आणि ढब्बू नऊ इंचांची आहे. एका बाजूला फळीचा उतार, वर दोन टप्प्यांचा दगड, पाण्यात फिल्टर, कडेला वाळूचं खोकं. खोक्याची गरज पुढच्या मार्चमध्ये कळली. ती दोन दिवस खाईना, सारखी कडेनं चढू बघे. वाळू दाखवली तर मागच्या पायांनी खड्डा केला आणि सात अंडी घातली. नर नाही, त्यामुळे त्यातून काही येणार नव्हतं. जागा मिळाली नसती तर ती पोटात अडकली असती. अंड्यांच्या कवचाचं कॅल्शियमही तिच्या हाडांतूनच जातं, म्हणून महिनाभर समुद्रफेस आणि शेवगा वाढवला. सातही अंडी मी हातात घेतली. वेळासला असली अंडी राखायला माणसं रात्रीचा किनारा तुडवतात. मी ती मातीत पुरली.

आता ती सुमारे आठ वर्षांची आहे. ही कासवं तीस वर्षं, क्वचित त्याहून जास्त जगतात. मी त्रेसष्टची. हिशेब मांडायला मला कागद लागत नाही. डोंबिवलीच्या भाचीला विचारलं आहे. तिचं घर चौथ्या मजल्यावर आहे, गच्ची सोसायटीची. "बघू मावशी," म्हणाली, आणि मी तिला घाई करत नाही, कारण घाईत हो म्हटलेल्यांचं पुढे काय होतं ते मी जिन्याखाली पाहिलं आहे. तोवर मी एक वही करते आहे. औषधं, पाणी, उन्हाची वेळ, कुठल्या महिन्यात वाळू लागते, पोटावरच्या त्या जुन्या जागेकडे कसं बघायचं. ती जागा भरली, पण तिथले खवले परत चमकले नाहीत. झिजलेल्या नाण्यासारखा एक फिका डाग आहे. दर रविवारी मी तिला उलट धरून त्याच्या कडेनं बोट फिरवते, हलकेच, आणि ती पाय ओढते का ते बघते.

सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या. काठीऐवजी वॉकर आला. त्यांची खुर्ची टाकीच्या शेजारीच असते. तळ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तर बाहेरून हाक आली, "अगो, ऊन सरकलं. तिची फळी हलव बघू."